इच्छा कोणाची, सही कोणाची

व्यापारी घराण्यात लेखी नोंदीला मोठा मान असतो. उधारी खात्यावर चढते, भागीदारीचा करार मुद्रांकावर होतो, मुदत ठेवीवर नामनिर्देशन केलेले असते आणि साठी ओलांडलेली कर्ती माणसे बहुधा मृत्युपत्रही करून ठेवतात. आपल्या पश्चात दुकान कोणी पाहावे, घर कोणाच्या नावे व्हावे, दागिन्यांची वाटणी कशी व्हावी, याची तजवीज वेळीच झालेली असते. तथापि मृत्यूच्या आधीचे जे थोडे दिवस असतात, त्या दिवसांविषयी बहुतेक घरांत एक ओळही लिहिलेली आढळत नाही. हृदय थांबले तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न व्हावा की होऊ नये, हा प्रश्न त्या दिवसांतला सर्वांत कठीण प्रश्न होय.

हा प्रश्न समोर येतो तेव्हा ज्याचा तो आहे, त्याला विचारण्याची सोय बहुधा उरलेली नसते. रुग्ण ग्लानीत असतो किंवा बेशुद्ध असतो. डॉक्टर अतिदक्षता विभागाच्या दाराशी येऊन थोरल्या मुलाला विचारतात, "हृदय बंद पडले तर सीपीआर द्यायचा ना? व्हेंटिलेटरची गरज लागली तर लावायचा ना?" मुलगा काकांकडे पाहतो, काका जावयाकडे पाहतात, परगावची बहीण फोनवर रडत असते. कोणीतरी म्हणते, "काही कमी पडू देऊ नका." संमतिपत्रावर सही होते. ती सही रुग्णाच्या इच्छेनुसार झाली की नाही, हे तेथे उपस्थित असलेल्यांपैकी कोणीही सांगू शकत नाही.

रुग्णांची या बाबतीतली इच्छा कशावरून ठरते, याचा अभ्यास गेली काही दशके जगभर झाला आहे. त्यातून निघालेला सर्वांत महत्त्वाचा बोध असा की, ही इच्छा तिजोरीत ठेवलेल्या दस्तऐवजासारखी मनात तयार पडून नसते. माणसाला काय माहीत आहे, त्याला कोणी व कोणत्या शब्दांत विचारले, परिणामाचे कोणते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्या दिवशी त्याचे मन व शरीर कोणत्या अवस्थेत आहे, या सर्वांतून ती घडत जाते.

सीपीआर म्हणजे नेमके काय

छाती हातांनी दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची आजची पद्धत अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विकसित झाली. विल्यम कौवेनहोवन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी १९६० साली तिची माहिती प्रसिद्ध केली. कौवेनहोवन हे विद्युत अभियंते होते, ही त्यातली विशेष गोष्ट. त्यांच्या त्या पहिल्या लेखात २० रुग्णांची हकीकत होती आणि त्यांतील १४ जण वाचले होते. यांतील अनेकांचे हृदय शस्त्रक्रियेच्या वा भूल देण्याच्या वेळी अचानक थांबले होते. म्हणजे बिघाड तात्पुरता होता आणि मदत हाताशी होती.

पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि रुग्णालयात कोणाचेही हृदय थांबले तरी ती वापरण्याचा प्रघात पडला. दीर्घ आजाराने शरीर झिजत गेलेल्या वृद्धाच्या बाबतीत मात्र तिचे फळ वेगळे असते. अमेरिकेत १९९२ ते २००५ या काळात रुग्णालयात सीपीआर दिल्या गेलेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांतील सुमारे १८ टक्के रुग्ण जिवंत घरी वा अन्य शुश्रूषाकेंद्रात गेल्याचे दिसले. छाती जोराने दाबावी लागत असल्यामुळे वृद्धांच्या बरगड्या मोडणे ही नेहमीची बाब आहे. हृदय पुन्हा सुरू झाले तरी मेंदूला तेवढा वेळ रक्त न मिळाल्याने भान पूर्ववत येईलच, असे नाही.

याचा अर्थ सीपीआर टाळावा, असा मुळीच नाही. गल्ल्यावर बसलेला पन्नाशीचा धडधाकट माणूस अचानक कोसळला तर शेजाऱ्याने एक क्षणही न दवडता छाती दाबण्यास सुरुवात केली पाहिजे आणि रुग्णवाहिका बोलावली पाहिजे. तेथे विचारविनिमयाला जागा नाही. प्रस्तुत प्रश्न आहे तो असाध्य आजाराच्या अखेरीस, अवयव एकामागून एक थकत असताना थांबणाऱ्या हृदयाचा. या दोन प्रसंगांना एकच नाव आहे, म्हणून त्यांचे उत्तरही एकच असावे, असे नव्हे.

माहिती बदलली की उत्तर बदलते

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २८७ वृद्धांना विचारण्यात आले, की अचानक उद्भवलेल्या आजारात तुमचे हृदय थांबले तर तुम्हाला सीपीआर हवा का? ४१ टक्क्यांनी होकार दिला. नंतर त्यांना वाचण्याची शक्यता प्रत्यक्षात किती असते, ते समजावून सांगितले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. होकार २२ टक्क्यांवर आला. आयुष्य वर्षभराहून कमी उरलेल्या दीर्घ आजाराची कल्पना करून विचारले असता, होकार आधी ११ टक्के होता, तो माहितीनंतर ५ टक्के झाला. माणसे तीच होती आणि प्रश्नही तोच होता. तरीही उत्तर निम्म्यावर आले, कारण आधीचे उत्तर अपुऱ्या माहितीवर दिलेले होते.

ही अपुरी माहिती येते कोठून? पुष्कळशी पडद्यावरून येते. १९९६ साली काही संशोधकांनी अमेरिकेतील तीन लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकांचे ९७ भाग पाहून त्यांतील सीपीआरचे ६० प्रसंग मोजले. पडद्यावरील ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचत होते आणि त्यांत बहुतेक मुले किंवा तरुण होते. आपल्याकडच्या चित्रपटांतही छातीवर विजेचा झटका बसतो, सरळ झालेली रेघ पुन्हा नागमोडी धावू लागते आणि नायिका हुंदका देऊन हसते. ज्याने हेच पाहिलेले आहे, तो "द्या ना सीपीआर" असेच म्हणणार.

उलट, वस्तुस्थिती डोळ्यांनी पाहिली तर निवड बदलते, असेही दिसून आले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६५ वर्षांवरील २०० व्यक्तींपुढे स्मृतिभ्रंशाच्या अंतिम अवस्थेचा प्रश्न ठेवण्यात आला. निम्म्यांना त्या अवस्थेचे केवळ वर्णन ऐकवले. उरलेल्यांना वर्णनासोबत अशा एका रुग्णाची चित्रफीतही दाखवली. अशा अवस्थेत यातना कमी करणारी शुश्रूषा तेवढी पुरे, असे म्हणणारे पहिल्या गटात ६४ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ८६ टक्के. ठोक बाजारातही माल पाहून घेतलेला सौदा आणि वर्णनावरून केलेला सौदा यांत असेच अंतर पडते.

यंत्रापेक्षा परिणाम मोठा

वृद्धांना "व्हेंटिलेटर हवा की नको" असे विचारले, तर ते गोंधळतात. कारण त्यांच्या मनातील खरा विचार यंत्राचा नसतो. यंत्र काढल्यानंतर आपण कसे असू, हा असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोग, हृदयविकार वा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्या २२६ वयस्क रुग्णांशी बोलणी झाली. ज्या उपचाराचा त्रास थोडा आहे आणि ज्याने प्रकृती सध्या आहे तशी राहील, असा उपचार जवळजवळ सर्वांना, म्हणजे ९८.७ टक्क्यांना, हवा होता. मात्र जगलो तरी हातापायांनी पूर्ण परावलंबी होऊ, असे सांगितल्यावर ७४.४ टक्क्यांनी तोच उपचार नाकारला. जगलो तरी भान आणि ओळख उरणार नाही, असे सांगितल्यावर नाकारणाऱ्यांचे प्रमाण ८८.८ टक्के झाले.

ही आकडेवारी परदेशातील आहे. तिचे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. परंतु तिच्यातील तत्त्व कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. आजीला विचारावे, "नळ्या लावायच्या का?" ती म्हणेल, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा." तिलाच विचारावे, "कोणाला ओळखत नाही, उठता-बसता येत नाही, अशी अवस्था आली, तर तुला कसे चालेल?" मग ती थोडा वेळ गप्प राहील आणि नंतर जे बोलेल ते तिचे स्वतःचे असेल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. धडधाकट माणूस परावलंबनाची कल्पना करतो तेव्हा त्याला ते असह्य वाटते. प्रत्यक्षात चाकाच्या खुर्चीत बसलेली अनेक माणसे आपल्या आयुष्यावर बऱ्यापैकी समाधानी असतात. म्हणून साठीत दिलेले उत्तर ऐंशीत पुन्हा विचारून घ्यावे लागते. खात्यातील शिल्लक जशी दर तिमाहीला जुळवली जाते, तसे या उत्तराचेही आहे.

कोण विचारतो, कसे विचारतो

शब्दांचा परिणाम किती होतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून स्पष्ट झाले. त्यात नातलगाच्या जागी स्वतःला कल्पून लोकांना निर्णय घ्यायचा होता. सीपीआर न देण्याच्या पर्यायाला जेव्हा "पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करणे" असे म्हटले, तेव्हा ६१ टक्क्यांनी सीपीआर मागितला. त्याच पर्यायाला "नैसर्गिक मृत्यू येऊ देणे" असे म्हटले, तेव्हा ४९ टक्क्यांनीच मागितला. तसेच बहुतेक लोक सीपीआर घेतात, असे डॉक्टर म्हणाले तर ६४ टक्के आणि बहुतेक लोक घेत नाहीत, असे म्हणाले तर ४८ टक्के, इतका फरक पडला. रुग्णाच्या प्रकृतीत तसूभरही बदल नसताना केवळ वाक्यरचनेने निर्णय फिरला.

आपल्याकडे तर प्रश्नच असा विचारला जातो की, त्यात उत्तर आधीच दडलेले असते. "सगळे प्रयत्न करायचे ना?" याला नाही म्हणणारा मुलगा कोठे सापडेल? नाही म्हणणे म्हणजे वडिलांना सोडून देणे, असा त्या वाक्याचा ध्वनी असतो. जाणते डॉक्टर म्हणून आधी रुग्णाची एकूण अवस्था समजावून सांगतात, उपचारातून काय साधेल आणि काय साधणार नाही ते सांगतात आणि मग विचारतात, "त्यांना बोलता आले असते, तर त्यांनी आज काय मागितले असते?" या प्रश्नाने मुलाच्या खांद्यावरचे ओझे थोडे हलके होते. त्याला स्वतःचा कौल द्यायचा नसतो; वडिलांचा निरोप पोहोचवायचा असतो.

रुग्णाच्या मनाची त्या त्या वेळची अवस्थाही विसरता येत नाही. कॅनडातील कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या एका अभ्यासात, जो १९९९ साली प्रसिद्ध झाला, जगण्याची इच्छा एकाच दिवसातही खालीवर होत असल्याचे आढळले. नैराश्य, चिंता आणि धाप यांच्याशी तिचा निकटचा संबंध होता. रात्री धाप लागलेली असताना "आता पुरे" म्हणणारा रुग्ण सकाळी औषधाने श्वास मोकळा झाल्यावर नातवाच्या बारशाची तारीख विचारतो. अशा वेळी रात्रीचे वाक्य अंतिम मानणे हा त्याच्यावर अन्याय होईल. वेदना आणि नैराश्य यांवर उपचार करूनच त्याची इच्छा विचारली पाहिजे.

घर, खर्च आणि प्रतिष्ठा

निर्णय रुग्णाने घ्यायचा की घराने, यावरही समाजासमाजांत मतभेद आहेत. लॉस एंजेलिस येथे ६५ वर्षांवरील ८०० व्यक्तींचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. जीवनरक्षक यंत्रांविषयी निर्णय रुग्णाने स्वतः घ्यावा, असे म्हणणारे युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत ६५ टक्के होते, तर कोरियन वंशाच्या अमेरिकनांत २८ टक्के. कोरियन कुटुंबांतील बहुसंख्य वृद्धांना हा भार घराने उचलावा, असे वाटत होते. हे वाचताना आपल्याकडील एकत्र कुटुंबे आठवल्यावाचून राहत नाहीत. वडीलधाऱ्याने निर्णय मुलांवर सोपवणे, ही देखील त्याची एक निवडच आहे आणि तिचा आदर व्हायला हवा. फक्त त्याने ती खरोखर केली आहे, की आपण गृहीत धरली आहे, एवढे पाहिले पाहिजे.

कारण घरचे लोक रुग्णाची इच्छा ओळखण्यात फारसे तरबेज नसतात. या विषयावरील सोळा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली घेण्यात आला. नातलगांचा अंदाज ६८ टक्के वेळा बरोबर निघाला, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या प्रसंगी चुकला. "आमच्या दादांच्या मनातले मला सगळे कळते" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसली: आधी या विषयावर बोलणे झालेले होते, एवढ्यानेच अंदाजाची अचूकता वाढली नव्हती. जेवताना एकदा "मला बाबा नळ्या-बिळ्या नकोत" असे म्हणून विषय संपला, तर त्यातून मुलाला फारसे काही हाती लागत नाही.

आपल्या घरांत आणखी दोन गोष्टींचे दडपण असते. पहिली खर्चाची. अतिदक्षता विभागाचे बिल रोज वाढत असते. विम्याची मर्यादा संपली की भांडवलाला हात लागतो. वृद्ध माणसाला हे न सांगता कळते. "मला घरी न्या" असे तो म्हणतो, तेव्हा त्यात घरी मरण्याची ओढ किती आणि मुलाच्या धंद्याची काळजी किती, हे वेगळे करणे अवघड असते. तरी ते वेगळे करण्याचा प्रयत्न केला पाहिजे. "पैशाचा विचार बाजूला ठेवा, मग सांगा" असे एकदा स्पष्ट म्हणावे. एवढ्याने भीती जाते असे नाही, पण बोलणे मोकळे होते.

दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. "एवढी पेढी असून बापासाठी काही केले नाही" हे वाक्य ऐकावे लागू नये, म्हणून पुष्कळ ठिकाणी निष्फळ उपचार चालू ठेवले जातात. भेटायला येणारे नातलग मोठ्या रुग्णालयांची नावे सुचवतात, विमानाने हलवण्याच्या गोष्टी होतात. या सर्वांत सर्वांत कमी विचारली जाते ती घरातील स्त्री. आजी, आई, विधवा काकू यांचे मत त्यांच्या स्वतःच्या शरीराविषयीही मागितले जात नाही. आयुष्यभर "तुम्ही म्हणाल तसे" म्हणत आलेल्या बाईला अखेरीस एकदा तरी, खोलीत दुसरे कोणी नसताना, लेकीने वा सुनेने विचारायला हवे.

श्रद्धेवरून अंदाज नको

अमुक व्यक्ती धर्मपरायण आहे, म्हणजे तिला यंत्रोपचार नकोच असणार, हे गृहीतही तपासून पाहिले पाहिजे. अमेरिकेतील कर्करोगाच्या ३४५ रुग्णांच्या एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, धर्माचा आधार अधिक घेणाऱ्या रुग्णांनी अखेरच्या आठवड्यात आयुष्य लांबवणारे तीव्र उपचार अधिक प्रमाणात घेतल्याचे दिसले. ते रुग्ण निराळ्या धर्मांचे होते आणि त्यांची श्रद्धा निराळी होती. तरी श्रद्धेवरून वैद्यकीय निवड परस्पर ठरवू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आपल्या समाजात या विषयाची संथाऱ्याशी गल्लत होते, म्हणून दोन शब्द आवश्यक आहेत. संथारा वा सल्लेखना हे व्रत आहे. ते जाणीवपूर्वक, गुरूंच्या आज्ञेने आणि आराधना म्हणून स्वीकारले जाते. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी त्याविरुद्ध निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या ३१ तारखेस त्या निर्णयाला स्थगिती दिली, हे वाचकांना स्मरत असेलच. सीपीआर नको, ही नोंद मात्र केवळ वैद्यकीय सूचना आहे. ती करणाऱ्याचे अन्नपाणी, प्रतिजैविके, वेदनाशामक औषधे, प्राणवायू यांतील काहीही तिच्यामुळे थांबत नाही. व्रताची इच्छा नसलेला माणूसही ती नोंद करू शकतो आणि व्रताविषयी आदर असणाऱ्याला सर्व उपचार हवे असू शकतात.

कायद्याने काय दिले आहे

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ सालच्या हल्ल्यापासून दशकानुदशके निपचित पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी या विषयात पहिले महत्त्वाचे पाऊल टाकले. त्यानंतर 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे लिव्हिंग विलला, वैधता दिली. तेव्हाची कार्यपद्धती इतकी किचकट होती की, ती पाळणे जवळजवळ अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता सज्ञान आणि सुदृढ मनाची कोणतीही व्यक्ती स्वेच्छेने असा निर्देश लिहू शकते. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करावी लागते आणि तो नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यावा लागतो. पूर्वीप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची गरज नाही. आपल्या वतीने निर्णय घेऊ शकणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे त्यात द्यावी लागतात. एकाहून अधिक नावे देता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवण्याची तरतूद आहे. मन बदलले तर निर्देश केव्हाही लेखी रद्द करता येतो. प्रत्यक्ष अंमलाच्या वेळी रुग्णालयाचे प्राथमिक आणि नंतर दुय्यम वैद्यकीय मंडळ प्रकृती तपासून मत देते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. उपचार काढून घेण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गोव्यात असा निर्देश नोंदवणारे पहिले गृहस्थ म्हणजे त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात असलेले न्यायमूर्ती महेश सोनक. त्यांनी मे २०२४ मध्ये तो नोंदवला.

याखेरीज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली 'पुनरुज्जीवनाचा प्रयत्न नको' या नोंदीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आजार असाध्य आणि वाढत जाणारा असेल आणि सीपीआरने हित होण्याची शक्यता नसेल, तर उपचार करणारे डॉक्टर रुग्णाशी, अथवा तो सक्षम नसल्यास नातलगांशी, चर्चा करून ही नोंद करू शकतात. इतर उपचार चालू राहतात आणि प्रकृतीत बदल झाल्यास नोंदीचा फेरविचार होतो, हे त्या तत्त्वांत स्पष्ट आहे.

कागदाआधी बोलणे

कागद महत्त्वाचा आहे, परंतु त्याला जीव येतो तो नीट केलेल्या संभाषणाने. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एका रुग्णालयात ८० वर्षांवरील ३०९ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांशी व त्यांच्या नातलगांशी प्रशिक्षित व्यक्तीने या विषयावर पद्धतशीर बोलणी केली. पुढील सहा महिन्यांत जे ५६ रुग्ण मरण पावले, त्यांच्यापैकी ज्यांच्याशी अशी बोलणी झाली होती, त्यांच्या अखेरच्या इच्छा ८६ टक्के प्रसंगी माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या. इतरांच्या बाबतीत हे प्रमाण ३० टक्के होते. बोलणी झालेल्या घरांतील माणसांना मागाहून चिंता आणि नैराश्य यांचा त्रासही कमी झाला. ओझरते बोलणे आणि पद्धतशीर बोलणे यांतील फरक येथे दिसतो.

असे बोलणे घरात कसे करावे? आजार बळावण्यापूर्वी, निवांत दुपारी, शक्य असल्यास फॅमिली डॉक्टरांना सोबत घेऊन करावे. आरंभ यंत्रांच्या नावांनी करू नये. तुम्हांला तुमच्या आजाराविषयी किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे? कोणत्या अवस्थेतले जगणे तुम्हांला चालेल आणि कोणत्या अवस्थेतले नकोसे होईल? कशाची भीती अधिक वाटते, वेदनेची, एकटेपणाची, की आमच्यावर भार होण्याची? निर्णयाची वेळ आली तर तुमच्या वतीने कोणी बोलावे? आणि तुमचे म्हणणे व डॉक्टरांचा सल्ला यांत अंतर पडले, तर आम्ही काय करावे? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की, सीपीआरच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपोआप स्पष्ट होते. उत्तर "सर्व प्रयत्न करा" असे आले तर तेही तितक्याच आदराने लिहून ठेवावे. नको म्हणणे थोर आणि हवे म्हणणे आसक्ती, असा निवाडा मुलांनी करू नये.

ही बोलणी एकट्या थोरल्या मुलापाशी न करता सर्व भावंडांसमोर व्हावीत. मालमत्तेच्या वाटणीइतकेच तंटे या प्रश्नावरून होऊ शकतात आणि वडिलांच्या मागे "तू सही का केलीस" हा सवाल भावाभावांत वर्षानुवर्षे राहतो. उत्तरे तारखेसह लिहावीत, सर्वांनी वाचावीत आणि त्यांची एक प्रत वैद्यकीय कागदांच्या फाइलीत, जेथे मध्यरात्रीही हाती लागेल अशा जागी ठेवावी. मृत्युपत्राच्या पाकिटात ती ठेवणे निरुपयोगी ठरेल, कारण ते पाकीट उघडले जाते तेव्हा या प्रश्नाची वेळ उलटून गेलेली असते. दर दिवाळीला नव्या वह्या आणल्या जातात, तेव्हा ती प्रत काढून एकदा विचारावे, "यात काही बदलायचे आहे का?" असेल तर बदलावे, नसेल तर त्या दिवसाची तारीख घालून पुन्हा सही घ्यावी.